गॅपमधला श्वास

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच माझ्याकडून शौर्याची अपेक्षा नको. दाराची बेल वाजली की मी नवऱ्याला पुढे करते. अनोळखी नंबर दिसला की मी फोन उचलत नाही. पाल दिसली तर सगळं घर कामाला लावते आणि स्वतः पलंगावर चढून सूचना देते. मावशी मला लहानपणापासून भागूबाई म्हणते. आधी भित्री भागूबाई म्हणायची, मग भित्री गाळलं, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं.

कान मात्र माझे फार तिखट आहेत. धंदाच तो. लोकांनी माइकवर बोलून ठेवलेलं मी संगणकावर साफ करते. कोणाचा खोकला, कोणाच्या खुर्चीची करकर, पंख्याची घरघर, लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं, हे सगळं काढून टाकायचं आणि उरलेलं बोलणं गिऱ्हाइकाला द्यायचं. नवरा म्हणतो, तू शांतता विकतेस आणि घरात मात्र एक मिनिट गप्प बसत नाहीस. त्याच्याकडे मी लक्ष देत नाही.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मावशी. ती इटालियन शिकवते. तरुणपणी ती एका इटालियन कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिथल्या साहेबांची बोलणी खात खात ती त्यांची भाषा शिकली आणि पुढे त्यांनाच उलट उत्तरं द्यायला लागली. आता निवृत्त आहे, एकटी राहते. संध्याकाळी वर्ग घेते आणि तिकडे इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाणाऱ्या लोकांसाठी ऐकायचे धडे तयार करते. धड्याची रीत अशी की मावशी आधी वाक्य इटालियनमध्ये म्हणते, मग आपल्या भाषेत त्याचा अर्थ सांगते आणि मग गप्प बसते. त्या गप्प जागेत शिकणाऱ्यानं वाक्य म्हणायचं. त्या जागेला आम्ही गॅप म्हणतो.

ही गॅप मावशी घड्याळ लावून सोडत नाही. ती तेच वाक्य मनातल्या मनात म्हणते, नुसते ओठ हलवते, आणि म्हणून झालं की पुढे जाते. त्यामुळे जेवढं वाक्य तेवढीच गॅप, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. मी तरी तिच्या मागे लागायचे, गॅप स्वच्छ दे, नाकातून सूं सूं करू नकोस. तिच्या नाकात एक बारीक शिट्टी आहे. शेवटी मी संगणकावर अशी सोय करून टाकली की गॅपमधला बारीकसारीक आवाज आपोआप पुसला जावा. तिला तसं सांगितलंसुद्धा. "आता शिट्टी वाजव नाहीतर बँड वाजव," म्हटलं, "मी ऐकतच नाही."

मावशीची दुसरी खोड म्हणजे ती वाक्यं पुस्तकातून घेत नाही, घरातून घेते. भूतकाळाच्या धड्यात 'माझ्या भाचीच्या नवऱ्यानं पुन्हा एकदा माझी छत्री हरवली' असं वाक्य होतं. तुलनेच्या धड्यात माझा भाऊ आणि त्याचा कुत्रा यांच्या पोटांची तुलना होती. भाऊ अजून तिच्याशी धड बोलत नाही. शिकणाऱ्यांना यातलं काही कळत नाही, पण आमच्या घरात नवा धडा आला की सगळ्यांना धाकधूक असते की या वेळी कोणाचा नंबर.

तर त्या दिवशी नवा धडा आला. सुरुवातीला मावशी म्हणाली, "आज अनिश्चित विशेषणं आणि सर्वनामं. म्हणजे ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, किंवा माहीत आहे पण घ्यायचं नाही, अशा माणसासाठीचे शब्द. क्वाल्कूनो म्हणजे कोणीतरी. नेस्सूनो म्हणजे कोणी नाही. ओन्यी म्हणजे प्रत्येक. क्वाल्के म्हणजे काही, पण त्याच्या पुढचं नाम कायम एकवचनी. क्वाल्के जोर्नो म्हणजे काही दिवस, पण जोर्नो मात्र एकच. बघा, 'काही दिवस' म्हणतानासुद्धा हे लोक दिवस एकच देतात. कंजूष." मी हसले आणि वाक्यांची वाट बघत बसले. छत्री येईल, कुत्रा येईल, निदान माझा एखादा उद्धार होईल.

कोणीच आलं नाही. आमच्यापैकी एकाचंही नाव नाही, नातं नाही, टोमणा नाही. मावशी सपाट आवाजात म्हणत होती, "क्वाल्कूनो कामिना इन काझा. कोणीतरी घरात चालतंय." मग गॅप. "ओन्यी सेरा कोन्त्रोल्लो ला पोर्ता. दररोज संध्याकाळी मी दार तपासते." गॅप. "उन चेर्तो सिन्योरे आस्पेत्ता जू. कोणी एक गृहस्थ खाली थांबलेत." गॅप. "नेस्सूनो देवे सापेरे न्येन्ते. कोणालाही काहीही कळता कामा नये."

ही वाक्यं ऐकताना मला कसंतरीच व्हायला लागलं. मावशीची वाक्यं खरी असतात हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. मग घरात चालतंय कोण? खाली थांबलाय तो कोण? आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गॅप लांब होत्या. वाक्य संपायचं, मावशीचं मनातल्या मनात म्हणून व्हायला हवं तेवढा वेळ जायचा, आणि तरी ती थांबूनच राहायची. मला वाटलं, थकली बिचारी, जीभ जड होते आहे, वय कोणाला सुटलंय. लांबी कमी करताना कुठे कापायचं ते कळावं म्हणून मी ती आपोआप पुसायची सोय बंद केली, गॅप उघडली आणि आवाज मोठा केला.

तिथे कोणीतरी श्वास घेत होतं.

मावशीची शिट्टी मला झोपेतही ओळखता येईल. ती होतीच, जवळ, माइकपाशी. हा श्वास तिच्या मागून येत होता, भिंतीकडून. घाईघाईचा, दाबून धरलेला, तोंडावर कापड धरल्यासारखा. मी पुढची गॅप उघडली, त्यातही तेच. सगळ्यात शेवटी मावशी म्हणाली, "नोन चे नेस्सूनो. इथे कोणी नाही. यात नोन हाही नकार आणि नेस्सूनो हाही नकार. इटालियन माणूस नाही म्हणताना दोनदा नाही म्हणतो, म्हणजे समोरच्याला शंका नको." आणि मग त्या लांबलेल्या गॅपमध्ये, मावशीच्या पाठीमागून, एक बारीक आवाज अगदी हळू म्हणाला, "नेस्सूनो."

मी कानावरचे हेडफोन उपटून टेबलावर टाकले आणि आधी जाऊन माझ्या घराच्या दाराला कडी लावली. मावशीचं गाव माझ्यापासून बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, तरी लावली. मग मावशीला फोन केला.

"धडा मिळाला का?" ती म्हणाली.

"मिळाला. मावशी, तुझ्या घरात कोण आहे?"

पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कोण असणार? मी आहे."

"मला ऐकू आलं गं. गॅपमध्ये."

"तू तर गॅप ऐकत नाहीस म्हणाली होतीस."

"या वेळी ऐकली. मावशी, कोणी तुला धाक घालतंय का? नुसतं हो म्हण."

"भागूबाई," मावशी हळू आवाजात म्हणाली, "गॅप पूस, धडा पाठवून दे आणि या विषयावर कोणाशी एक अक्षर बोलू नकोस. कळलं?" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेना.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय समजायचं? म्हातारी बाई, एकटी, घरात कोणीतरी घुसलंय, तिला डांबून ठेवलंय आणि तिनं धड्यातून आम्हाला कळवलंय, असंच मला वाटलं. नवरा म्हणाला, सकाळच्या पहिल्या बसनं जा. पण सकाळपर्यंत मला दम निघेना. मावशीच्या घराखाली शिंप्याचं दुकान आहे, तिथला नंबर माझ्याकडे होता. शिंपीकाका जुने, भले, पण बोलके. तोंडात टाचण्या असतील तेवढाच वेळ गप्प. एरवी त्यांच्या जिभेला हाड नाही. हे मला माहीत होतं आणि तरीही मी फोन केला. "काका, मावशीच्या घरात कोणीतरी आहे. बाईमाणसाचा आवाज आलाय. जरा लक्ष ठेवा, विचारपूस करा. मी उद्या येतेच आहे."

"तुम्ही निर्धास्त राहा ताई," काका म्हणाले. त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी तिथे पोचले. बसमध्ये मला भलभलतं दिसत होतं. पण काका दुकानात शिवणयंत्रावर बसलेले होते, रस्त्यावर नेहमीची ये-जा होती, समोरचा किल्ल्या करणारा मशीनवर किल्ली घासत होता. मला जरा धीर आला.

"या ताई! तुमचं काम फत्ते केलंय बघा," काका उठत म्हणाले. "कालपासून येईल त्या गिऱ्हाइकाला विचारतोय, बाईंकडे कोण बाई आल्यात का? आणि सकाळी एक गृहस्थ आपणहून आले. काय माणूस आहे! इतकं मऊ बोलणं. त्यांची बायको घर सोडून गेलीय. डोक्यानं जरा अशी आहे म्हणे. फोटो दाखवला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. बरेच दिवस इथे समोर येऊन उभे राहतात, बायको बाईंच्या वर्गाला जायची म्हणून. मी म्हटलं, मग तुमचा शोध संपला."

"ते गेले का मग?"

"चहा घ्यायला गेलेत. येतो म्हणालेत. तुम्ही येणार म्हटल्यावर म्हणाले, ताईंबरोबरच वर जाऊ."

कोणी एक गृहस्थ खाली थांबलेत. हे वाक्य मला आठवलं आणि काहीतरी चुकलंय एवढंच कळलं, काय ते कळलं नाही. मी काकांना काही न बोलता बाजूच्या जिन्यानं वर गेले. दार वाजवलं. आतून मावशीनं विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "मी, भागूबाई." दार साखळीएवढं उघडलं, मग साखळी काढून मावशीनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि लगेच कडी घातली.

मावशी धडधाकट होती. चिडलेली होती, पण धडधाकट होती. घरात कोणी चोर नव्हता. मागच्या खोलीत नेहमीप्रमाणे दोरीवर जाड रजया टांगलेल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. त्यांच्या पुढे टेबल आणि माइक. मावशीनं एक रजई बाजूला केली. मागे भिंतीशी एक अरुंद पलंग होता आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन एक बाई बसली होती. लहानखुरी. डावं मनगट वाकडं, नीट न जुळलेलं. मला बघून ती आणखी मागे सरकली, पण मागे भिंतच होती.

"माझी विद्यार्थिनी," मावशी म्हणाली. "मनगट नवऱ्यानं मोडलंय. आता कागदपत्रं झालीत, तिकडे नोकरी लागलीय, नुसता व्हिसा यायचाय. काही दिवसांचा प्रश्न आहे. पुढे सगळी खिडक्यांची खोली आहे म्हणून दिवसभर इथे बसते. माझे धडे ऐकते. तिकडे गेल्यावर बोलता यायला नको का?"

"मी नुसते ओठ हलवत होते," ती बाई पुटपुटली. "शेवटचा शब्द तोंडातून निघून गेला. चुकून."

"त्यानं काही बिघडत नव्हतं," मावशी म्हणाली. "तू गॅप ऐकतच नाहीस, संगणक पुसतो, या भरवशावर होते मी. ही हळू शिकते म्हणून गॅपही लांब सोडत होते. ठीक आहे. तू ऐकलंस, तू एकटीनं ऐकलंस." मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कोणाला सांगितलंस?"

मी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

"भागूबाई. कोणाला?"

"काकांना," मी म्हटलं. "आणि काकांनी... मावशी, तो माणूस खाली आलाय. तो आता वर येणार आहे."

मावशी मला कधी ओरडायची कमी नाही, पण त्या वेळी ती ओरडली नाही. मटकन खुर्चीत बसली. पलंगावरच्या बाईनं तोंडात आपल्या शर्टाची बाही कोंबली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या भित्रेपणाचा त्रास आजवर मला एकटीला झाला होता. आता तो दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर उठला होता.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, दोन माणसांची. दारावर थाप पडली. हळू, सभ्य थाप.

मावशी उठायला लागली. मी तिला खाली बसवलं. कुठून सुचलं मला माहीत नाही, भित्र्या माणसाला खोटं मात्र पटकन सुचतं. एवढंच डोक्यात होतं की काकांनी सगळीकडे सांगितलंय बाईमाणसाचा आवाज आला, आणि मीही बाईमाणूसच आहे. रजई सारखी करून मी दार उघडलं.

काका पुढे होते, गळ्यात टेप. त्यांच्या मागे तो. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, हात पाठीमागे. चेहऱ्यावर असं हसू की कोणीही खुर्ची पुढे करावी.

"काका," मी कपाळाला हात लावला, "माझी फजिती झाली हो. तो आवाज माझाच निघाला! मागच्या खेपेला आले होते तेव्हा मावशीबरोबर मीच वाक्यं म्हणून ठेवली होती. विसरून गेले. उगाच तुम्हाला त्रास, आणि या साहेबांनाही."

काका काही बोलायच्या आत तो माणूस म्हणाला, "स्वतःचाच आवाज ओळखला नाहीत?" अगदी मऊ आवाज. "काका तर सांगत होते, तुमचे कान म्हणजे काय विचारू नका. तुमचं कामच ते."

मला या एका गोष्टीचा अभिमान होता. आयुष्यात दुसऱ्या कशाचा नव्हता. "कान गेले माझे," मी म्हटलं. "आजकाल कामंही चुकतात. घरच्यांना सांगितलं नाहीये अजून."

तो हसला. "ऐकू या की मग. तुम्ही दोघी बोला, मी ऐकतो. म्हणजे माझ्याही मनाचं समाधान." आणि तो आत आला. मी अडवायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण अडवलं असतं तर दुसऱ्या क्षणी त्यानं मला बाजूला ढकललं असतं आणि सरळ रजयांपाशी गेला असता. मावशीनं ते माझ्या आधी ओळखलं. ती माइकपुढे बसून म्हणाली, "यायचं तर या. पण रेकॉर्डिंग चालू आहे. माझ्या खोलीत रेकॉर्डिंगच्या वेळी कोणी बोलत नाही, हलत नाही, कशाला हात लावत नाही. काका, तुम्हीसुद्धा."

मी कानावर हेडफोन चढवले, बटण दाबलं. लाल दिवा लागला. आणि लगेच ती माझ्या कानात आली. तिचा श्वास. खोलीत तो कोणालाच ऐकू येत नव्हता, पण माइक जवळ होता आणि मी आवाज वाढवून ठेवलेला. ती माझ्या कानाशी बसून धापा टाकते आहे असं मला वाटत होतं. तो माणूस टेबलाच्या कडेला उभा होता, रजई त्याच्या कोपराला लागेल इतक्या जवळ. त्याला हे ऐकू येत नाहीये हे मला पक्कं माहीत होतं आणि एकदाही खरं वाटलं नाही.

मावशीनं सुरुवात केली. "तुत्ती आन्नो पाउरा दी क्वाल्कोझा. सगळ्यांनाच कशाची ना कशाची भीती असते." गॅप. मी वाक्य म्हटलं. आवाज कापला, पण म्हटलं. "चेर्ती उओमिनी नोन आस्कोल्तानो नेस्सूनो. काही माणसं कोणाचंच ऐकत नाहीत." एवढ्यातही तिची खोड गेली नव्हती. मी म्हटलं. कानातला श्वास जलद होत चालला होता. मावशीनं पुढचं वाक्य घेतलं. "चे क्वाल्कूनो? कोणी आहे का?" मी म्हटलं. "नोन चे नेस्सूनो. इथे कोणी नाही." मी म्हटलं, आणि मावशीनं गॅप लांबवली नाही, पण मला ती संपेना.

"नेस्सूनो म्हणजे?" तो माणूस मध्येच म्हणाला.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"नेस्सूनो," तो म्हणाला. पहिल्याच खेपेला, अगदी बरोबर, दोन्ही स जोडून. मावशीचे विद्यार्थी त्यावर आठवडा घालवतात.

माझ्या कानातला श्वास बंद झाला.

तो तसाच उभा राहून आजूबाजूला बघत होता. मग त्यानं हात लांब केला आणि मावशीच्या पाठीमागच्या खुर्चीवरून एक शर्ट उचलला. निळा, नवा, बायकी, लहान मापाचा. मावशी त्यात एक हातसुद्धा घालू शकली नसती आणि मी उंच आहे. त्यानं तो दोन्ही खांद्यांना धरून समोर पसरला. "हा कोणाचा?"

माझं डोकं बंद पडलं. जेवढं खोटं होतं ते दारातच संपलं होतं. मावशीचेही ओठ नुसते हलले. मी काकांकडे पाहिलं. काका त्या शर्टाकडे बघत होते. तो त्यांनीच शिवलेला होता, हे मला नंतर कळलं. मावशीनं लहान माप सांगितलं तेव्हा त्यांनी कोणासाठी म्हणून खोदून खोदून विचारलं होतं आणि मावशीनं दाद दिली नव्हती. त्यांनी शर्टाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, टांगलेल्या रजयांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझा," काका म्हणाले. "म्हणजे गिऱ्हाइकाचा. बाई मला बटणं लावून देतात, माझे डोळे गेलेत. द्या इकडे, मळेल तो." त्यांनी पुढे होऊन शर्ट त्याच्या हातातून काढून घेतला. "चला साहेब, बायकांच्या घरात किती वेळ उभं राहायचं. तुमच्या मिसेस इथे नाहीत. माझीच बडबड, माफ करा."

तो माणूस काकांकडे बघत राहिला. मग हसला. "शिकवता छान तुम्ही," मावशीला म्हणाला आणि वळला. दारातून बाहेर पडला. जिना उतरताना तो स्वतःशी ते म्हणत होता, एकेक पायरी, "नेस्सूनो. नेस्सूनो." आवाज खाली जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो. मग काकांनी शर्टाची घडी घालून टेबलावर ठेवली, कोणाकडेही न बघता रजईच्या दिशेनं हात जोडले आणि तेही खाली गेले.

तो खरंच फसला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तो समोर उभा होता. तिसऱ्याही दिवशी होता. काकांनी मात्र दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. कोणी काही विचारलं की बोटानं तोंडाकडे दाखवायचे. मी तिथेच राहिले आणि खिडकीपाशी उभी राहून सारखी वाक्यं म्हणत असे, म्हणजे बाहेर माझा आवाज ऐकू जावा. व्हिसा आला त्या सकाळी, तो समोर उभा राहायला यायच्या आत, काकांनी बोलावलेल्या टेम्पोत शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे भरले गेले, आणि त्यांच्यामध्ये ती बसली, निळा शर्ट घालून. जाताना तिनं माझा हात धरला. पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी मावशीकडेच थांबले.

मग मी घरी येऊन धडा पुरा केला. मूळ रेकॉर्डिंगमधला तिचा श्वास गॅपगणिक हातानं पुसला, आणि शेवटचा तो हळू उच्चारलेला शब्दही. आता तो धडा कोणीही, कुठेही ऐकावा, त्यात मावशीशिवाय कोणी नाही.

दुसरी फाइल त्या दुपारची. ती उघडूच नकोस, टाकून दे, असं मावशीनं बजावलं होतं. मी उघडली. मावशीचा आवाज, माझा कापरा आवाज, त्यांच्यामागे धापा. मग त्याचा तो एक शब्द. आणि त्यानंतर मी आवाज वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. शर्टाबद्दलचं बोलणं झालं, काकांचं बोलणं झालं, दार लागलं, पायऱ्या वाजल्या, आणि या सगळ्या वेळात बोलण्याच्या अधेमध्ये जिथे जिथे जागा होती तिथे रजईमागून काहीही नव्हतं. श्वाससुद्धा नाही. तो रस्त्यावर पोचल्यानंतर एकदम एक हुंदक्यासारखा श्वास येतो आणि मग ती रडते. आयुष्यभर मी मावशीच्या मागे लागले, गॅप स्वच्छ दे म्हणून. या गॅपमध्ये मला पुसायला काहीच नव्हतं.

मी फाइल टाकून दिली आणि दाराची कडी लागली आहे का ते उठून बघून आले.